आणखी कुठं?

फॉर्ममधला प्रश्न तसा साधा आहे:
या बाळाच्या वेळी तपासणी कुठं करून घेतली?
खाली तेरा चौकटी.
एकीवर बोट टेकवलं की पुढचा प्रश्न उघडतो.
पण प्रशिक्षणात आमच्याकडून घोकून घेतलंय,
उत्तर मिळालं तरी थांबायचं नाही,
विचारायचं, आणखी कुठं?
बाई गप्प बसली तर परत, आणखी कुठं?

कालाबोच्या अलीकडे, झांबेझीच्या पूरमैदानात
एका उंचवट्यावर नऊ घरं, दोन आंबे.
नोसिकू मासे चिरत होती,
बाळ पाठीला, चितेंगेच्या कापडात.
"दवाखान्यात," म्हणाली.
कुठल्या?
तिनं सुरीनं समोर दाखवलं. तिथं
नुसतं कमरेएवढं गवत आणि एक बगळा.
"तेव्हा होता."

जानेवारीत तिथं दवाखाना असतो,
मार्चमध्ये पाणी.
पूर आला, असं माझी आई कधी म्हणाली नाही.
म्हणायची, पाणी आपल्या घरी आलं,
आता आपण दुसऱ्याच्या घरी जाऊ.
दवाखानाही तसाच निघतो,
वजनकाटा, लसींची पेटी, पत्र्याचं कपाट
होडीत घालून काठावरच्या शाळेत.
तिसरीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली
नोसिकूची दुसरी तपासणी.
शाळेला माझ्याकडे चौकट नाही.

आणखी कुठं?
"होडीत. दोनदा."
सिस्टर लिकांडो वल्हवत आली होती,
इंजिनाचं तेल संपलेलं.
कोरडी जागा म्हणून नव्हती कुठं,
मग मक्याच्या दोन पोत्यांवर आडवं व्हायला सांगितलं.
टेप घरी विसरलेली.
जाळ्याची दोरी घेतली, ओटीपोटापासून वर मोजलं,
गाठ मारली, म्हणाली, जपून ठेव,
पुढच्या खेपेला याच दोरीवर दुसरी.

मी "इतर"वर बोट टेकवलं.
"इतर"ला नाव लागतं.
लिहिलं: होडी.

रात्री मोंगूहून लिसवानिसो सरांचा फोन.
"म्वांगाला, होडी ही जागा नव्हे."
म्हटलं, बाई तिच्यात आडवी झाली होती, सर.
"सरकारी होडी की खाजगी?"
नर्स सरकारी. होडी तिच्या भावाची.
वल्ह्याचं मी विचारलं नव्हतं.
बराच वेळ फोनमध्ये नुसती खरखर.
"पगार कोण देतं ते बघ. टाक, सरकारी आरोग्य केंद्र."
आणि जरा थांबून,
"मीसुद्धा असाच कुठंतरी पाण्यावर जन्मलो म्हणे.
पण तक्ता भरायचाय ना आपल्याला."

भरला.
खोटं काही लिहिलं नाही,
पगार सरकारच देतं, उशिरा का होईना.
लुसाकात कुणीतरी बेरीज करील, टक्के काढील,
नकाशावर एक ठिपका पडेल, अगदी अचूक,
आणि वर्षातले काही महिने त्या ठिपक्यावरून मासे जातील.
त्याचं मला काही नाही.
खुपतं ते एवढंच, की
केंद्र लिहिलं म्हणजे केंद्र आहेच तिथं, असं ठरलं.
मग सिस्टर लिकांडोचा
तेलासाठीचा अर्ज कोण वाचणार?

त्या दिवशी निघताना विचारलं होतं मी,
ती दोरी कुठाय?
फॉर्ममध्ये नव्हतं ते.
नोसिकूनं हनुवटीनं दाखवलं.
आंब्याच्या बुंध्याला एक लाल कोंबडी बांधलेली.
मी खाली बसले, दोरी बोटांवरून सरकवत नेली,
पहिल्या गाठीपासून दुसरीपर्यंत चार बोटं,
दुसरीपासून पुढं
कोंबडी ओढ घेत होती, नीट जमेना.

पण गाठी तीन होत्या.
मचव्यावरून हाका यायला लागल्या, उजेड उतरत होता,
आणि तिसरी कुठं मारली
ते विचारायचं राहिलं.